इंग्रज नसलेले दोन साहेब

परदेशात किस्से साठतात. गावात काही घडलं तर दिवे लागायच्या आत सगळ्यांनी सांगून संपवलेलं असतं, दुसऱ्या दिवसाला काही उरत नाही. बहरीनला आठवडाभर बोलायला माणूस नाही, बोलणं तोंडातच राहतं. शुक्रवारी सुट्टी. आम्ही पाच-सहा बाया शांताबाईच्या फ्लॅटवर जमायचो. आधी बुद्धवंदना, मग चहा, मग वांगी चिरता चिरता एकेकीने आपापला साहेब सोलायला घ्यायचा. माझ्याकडे साहेब दोन, त्यामुळे माझे किस्से दुप्पट.

मी चौथी शिकलेली बाई आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मध्येच कोणी विचारायला नको की हिला एवढं कुठून माहीत. त्या दोघांचं अन्न मी तीन वर्षं शिजवलं. तेवढ्यात माणूस कळतो.

*

आखाती युद्ध होऊन तीन-चार वर्षं झाली होती. माझे मालक बहरीनलाच सित्राला फिटर होते, मीही सोबत होते. पाठीवर पाइप पडला, सहा महिने झोपून काढले आणि भंडाऱ्याला परत गेले. त्यांच्या जागी कंपनीने मला स्वयंपाकाच्या कामावर ठेवलं. मुलगी नागपुरात नर्सिंगला होती, तिची फी भरायची, म्हणून मी राहिले. नाहीतर मला वाळूची काय हौस?

माहूजला कंपनीचा व्हिला होता. त्यात दोन साहेब. दोघंही अस्करच्या बाजूला, ॲल्युमिनियमच्या भट्ट्यांच्या कामावर. कंपनीचा नियम असा, की व्हिलात दोन साहेब असतील तर स्वयंपाकाला बाई मिळेल. एकच उरला तर त्याने कॅम्पच्या मेसमध्ये जेवायचं आणि बाईने विमानात बसायचं.

हा नियम मला आपटेसाहेबांनी पहिल्याच दिवशी सांगितला. आपटेसाहेब म्हणजे आमचे अकोमोडेशनचे सुपरवायझर, पुण्याचे. म्हणाले, "दोघं इंग्रज आहेत. चहा दुधाचा, अंडं अर्धं कच्चं. बाकी डोकं लावायचं नाही, बाई."

मी डोकं लावलं नाही. सकाळी चहा नेला आणि उंच, लालसर केसांच्या साहेबाला म्हटलं, "गुड मॉर्निंग, इंग्लिश साब."

त्याने कप खाली ठेवला. सावकाश ठेवला, म्हणून मी जास्त घाबरले. बरीच वर्षं आखातात काढल्यामुळे दोघांनाही साइटवरची हिंदी येत होती. म्हणाला, "इंग्लिश कौन? मैं स्कॉटिश."

म्हटलं ठीक आहे, म्हणजे दुसरा इंग्रज असणार. दुसरा बुटका, काळ्या केसांचा, मान खाली घालून अंडं फोडत होता. त्याला म्हटलं, "तो इंग्लिश साब आप."

त्याने चमचा खाली ठेवला. "मैं वेल्श."

दोघांची अंडी गार झाली. मी आपटेसाहेबांना गाठलं. म्हटलं, "साहेब, दोघंही इंग्रज नाहीत म्हणतात."

"अहो बाई, पासपोर्ट एकच आहे त्यांचा."

"पासपोर्ट तर तुमचा-माझापण एकच आहे."

आपटेसाहेबांनी हातातली फाइल उघडली आणि बराच वेळ वाचली. ती फाइल कोरी होती, मला दिसत होतं.

*

स्कॉटिश तो मॅक. वेल्श तो गॅरेथ. मॅकचा आवाज मोठा, गॅरेथचा नसल्यासारखा. पण दर रविवारी संध्याकाळी गॅरेथ हॉलमधल्या फोनवर आपल्या आईशी बोलायचा, तेव्हा त्याचा आवाज मोकळा व्हायचा.

एकदा आपटेसाहेब गीझर बघायला आले होते. फोन चालू होता. ते मला हळूच म्हणाले, "काय गावठी इंग्लिश बोलतोय हो हा. मला अर्धंही कळेना."

मी म्हटलं, "ते इंग्लिश नाही."

"बाई, तुम्हाला इंग्लिश येतं?"

"येत नाही म्हणूनच सांगते. न कळणारं इंग्लिश मी रोज ऐकते, त्याचा आवाज मला पाठ आहे. हे न कळणारं दुसरंच काहीतरी आहे."

गॅरेथने फोन ठेवला. आपटेसाहेबांनी जाऊन विचारलं, आणि परत येताना त्यांचा चेहरा गीझर फुटल्यासारखा. ती वेल्श भाषा होती. इंग्लिशपेक्षा जुनी, म्हणे. त्या बेटावर इंग्रज यायच्या आधीपासूनची.

रोज अर्धं टाकणारा गॅरेथ त्या दिवसापासून अंडं पूर्ण खायला लागला.

*

मॅक मला 'बॉम्बे' म्हणायचा. "बॉम्बे, चाय." "बॉम्बे, मेरा शर्ट किधर?" एक महिना ऐकलं, दोन महिने ऐकलं. एका सकाळी मी पोळ्यांचं पीठ मळायला घेत होते, तो दारात आला, "बॉम्बे, आज क्या है?"

मी म्हटलं, "आज कुछ नहीं, इंग्लिश साब."

त्याचे कान लाल झाले. गोऱ्या माणसाला राग लपवायची सोय नाही. मी परातीतलं कोरडं पीठ ओट्यावर ओतलं, तळहाताने पसरलं आणि बोटाने आपला देश काढला. डावीकडे खूण केली. "ये बॉम्बे." मग बोट ओढत ओढत उजवीकडे नेलं. "ये नागपूर. और ये भंडारा. मैं भंडारा. बॉम्बे से एक रात, ऊपर आधा दिन. ट्रेन से. बॉम्बे में मेरा कोई नहीं. वहां से सिर्फ प्लेन पकड़ा."

"भंडारा में क्या है?" त्याने विचारलं.

"तालाब. चावल. जंगल. मेरा घर."

त्याने बाही वर सारली. मग माझ्याच पिठात, भंडाऱ्याच्या शेजारी, त्याने एक उभट बेट काढलं. वरचं टोक बोटाने वेगळं केलं. "ये स्कॉटलंड. इधर पहाड़, इधर मैं." आमचा राजा आमचा होता, म्हणाला. आमचाच राजा पुढे इंग्लंडच्या गादीवर बसला, मग कितीतरी वर्षांनी दोन्ही राज्यं कागदावर सही करून एक झाली. आमचं कोर्ट वेगळं, कायदा वेगळा, शाळा वेगळ्या. आम्ही काही इंग्लंडचा तुकडा नाही.

मग बेटाच्या डाव्या कुशीत नखाने एक टिकली काढली. "ये वेल्स. छोटा."

मागून एक हात आला. गॅरेथ कधी येऊन उभा राहिला होता कळलंच नाही. त्याने अंगठ्याने ती टिकली दाबून मोठी केली, चांगली वाटाण्याएवढी, आणि चहा घेऊन गेला.

मॅक हसला. मला मात्र तो अंगठा आवडला नव्हता. फार जोरात दाबला होता त्याने.

पीठ मी चाळून घेतलं आणि पोळ्या केल्या. त्या दिवशी दोघांनी आपापला देश खाल्ला आणि मी माझा.

*

गॅरेथच्या आईने भांडी पुसायचं एक कापड पाठवलं होतं. जाड, चांगलं, त्यावर लाल रंगाचा पंखवाला प्राणी. मी त्याने तवा पुसला. गॅरेथने ते पाहिलं, माझ्या हातातून घेतलं आणि स्वतः बेसिनमध्ये साबण लावून धुतलं. तेव्हा कळलं, तो प्राणी म्हणजे त्यांचा झेंडा.

मी म्हटलं, "माफ करो, साब. झेंडा है तो ऊपर लगाओ, मेरे किचन में क्यों?"

"ऊपर कौन देखेगा?" तो म्हणाला.

मग कापड पिळता पिळता त्याने सांगितलं. त्याच्या आजीच्या आईच्या वेळी शाळेत कोणी पोर आपल्या भाषेत बोललं की मास्तर त्याच्या गळ्यात लाकडाची पाटी अडकवायचा. दुसरं कोणी बोललं की पाटी त्याच्या गळ्यात. दिवस संपताना ज्याच्या गळ्यात पाटी असेल त्याला मार. त्याची पणजी सात वर्षांची होती. घरी येऊन ती आईशीसुद्धा बोलेना.

स्कॉटलंडला राजा होता, म्हणाला, म्हणून त्याच्याबरोबर कागद झाला. आम्हाला त्याच्या कितीतरी आधी गिळलं. गिळलेल्याशी कोण कागद करतो? राहिली फक्त भाषा.

मी चार वर्षं शाळेत दाराजवळ बसले. पाऊस आला की माझी पाटी भिजायची, आत सरकायचं नाही. हे मी त्याला सांगितलं नाही. पण ते कापड वाळल्यावर घडी घालून कपाटात वरच्या फळीवर ठेवलं, आणि तवा माझ्या जुन्या परकराच्या तुकड्याने पुसला.

*

आता वाईट किस्सा.

एप्रिलमध्ये आमची जयंती असते. एका शाळेचा हॉल घेतला होता. मी दोन्ही साहेबांना बोलावलं. मोठेपणा मिरवायचा होता, दुसरं काही नाही. दोघंही आले, टाय लावून आले. आमच्या कमिटीच्या गणवीरभाऊंना वाटलं, पाहुण्यांचा मान राखावा. त्यांनी पुढच्या टेबलावर इंग्रजांचे कागदी झेंडे लावले आणि माइकवर म्हणाले, "आज आपल्यात दोन इंग्लिश पाहुणे आहेत."

टाळ्या झाल्या. मी पहिल्या रांगेत होते, मी टाळी वाजवली नाही.

मॅक उभा राहिला, म्हणाला, मी स्कॉटिश आहे, आणि बसला. लोक हसले, परत टाळ्या. तेवढ्यावर मिटलं असतं. पण गॅरेथने टेबलावरचा झेंडा उचलला. एकेका रेघेवर बोट ठेवत शेजारच्या गणवीरभाऊंना विचारलं. "हे इंग्लंड. हे स्कॉटलंड. हे आयर्लंड. माझं कुठे आहे?"

गणवीरभाऊ इंजिनिअर माणूस. त्यांनी झेंडा उलटा करून मागच्या बाजूला पाहिलं.

मॅक मोठ्याने हसला आणि म्हणाला, "तुमचा राजाच नव्हता, वेगळं लावायला होतं काय?"

हे वाक्य त्याने इंग्लिशमध्ये म्हटलं. मला कोणी सांगायची गरज पडली नाही. गॅरेथने झेंडा होता तिथे नीट ठेवला, मला हात जोडले आणि हॉलमधून निघून गेला. अल्पोपाहाराच्या वेळी मॅकने तीन सामोसे उचलले. एकही पूर्ण खाल्ला नाही.

*

दुसऱ्या दिवसापासून दोघं एकाच टेबलावर बसायचे आणि एकमेकांशी बोलायचे नाहीत. मॅक म्हणायचा, "उसको बोलो, नमक इधर." मी नमक उचलून द्यायचे. गॅरेथ म्हणायचा, "उसको बोलो, गाड़ी सात बजे." मी सांगायचे. चार दिवस केलं. पाचव्या दिवशी म्हटलं, "मैं खाना बनाने आई, डाक बांटने नहीं." आणि टेबलावर मिठाची दुसरी बाटली आणून ठेवली. एक मॅकपुढे, एक गॅरेथपुढे.

शुक्रवारी शांताबाई म्हणाली, "काहून वं कमल, दोघं गोरेच ना? मग भांडतेत कायले?"

मी म्हटलं, "आपण सगळे मराठीच ना? मग या एवढ्याशा बहरीनमध्ये आपली मंडळं तीन काहून?"

शांताबाईने त्या दिवशी वांगी फार बारीक चिरली.

हसायला मला सुचत नव्हतं. माझा व्हिसा जूनमध्ये संपत होता. मे लागला आणि आपटेसाहेब किचनच्या दारात येऊन उभे राहिले.

"बाई, मॅकसाहेबांनी सित्राच्या कॅम्पवर बदली मागितली आहे. फॉर्म भरलाय."

"मग माझं?"

"नियम तुम्हाला माहीत आहे."

"नियम मी पहिल्या दिवशी ऐकला. मी माझं विचारलं."

ते खाली बघत म्हणाले, "हेड ऑफिसचे साहेब मंगळवारी येतायत. त्यांची सही झाली की खलास. एका साहेबावर मला तुमचा व्हिसा रिन्यू करता येत नाही." मग थांबून म्हणाले, "मुलीचं कितवं वर्ष?"

"शेवटचं."

त्यांनी मान हलवली. माणूस वाईट नव्हता. फाइलबाहेर त्याला चालता येत नव्हतं, एवढंच.

त्या संध्याकाळी मी मॅकच्या ताटाजवळ जाऊन उभी राहिले. पदर खोचून घेतला. म्हटलं, "साब, एक बात. जिसके पास राजा नहीं, उसका कुछ अलग नहीं, ये बात मेरे गांव में भी बोलते हैं. हमको बोलते हैं. मैं पहचानती हूं ये बात."

मॅकने माझ्याकडे पाहिलं नाही. जेवला, उठला, दार लावून घेतलं. फॉर्म काही मागे घेतला नाही.

मी रात्री बॅग काढून पुसून ठेवली. मुलीला पत्र लिहायला बसले आणि 'सुखरूप आहे' एवढं लिहून थांबले.

*

मंगळवारी हेड ऑफिसचे साहेब आले. हा मात्र खरा इंग्रज, लंडनचा. गुलाबी, गोल, सगळ्यांशी गोड. दुपारी व्हिलावर जेवायला बसले. एका बाजूला मॅक, समोर गॅरेथ, कडेला आपटेसाहेब. त्यांच्या कोपराजवळ तो बदलीचा फॉर्म आणि पेन. मी भात, कोंबडी आणि वांग्याची भाजी केली होती. शेवटचंच जेवण असेल तर भंडाऱ्याचं असू दे, म्हणून मसाला हातचा राखला नव्हता.

मी आत किचनच्या दाराला टेकून उभी होते. आपटेसाहेबांनी नंतर शब्दन् शब्द सांगितला, पण अर्धं मला तेव्हाच कळत होतं.

लंडनवाला साहेब भाताचा घास घेत म्हणाला, "तुमचं काय बिनसलंय? शेवटी आपण सगळे इंग्लिशच ना?"

मी डोळे मिटले. मॅकने कोंबडीचं हाड सोललं. गॅरेथ पाणी प्यायला. दोघांनी हे इतक्यांदा ऐकलं होतं की त्यांना चमचासुद्धा खाली ठेवावासा वाटला नाही.

"असो," साहेब म्हणाला आणि पेन उचललं. "मॅक सित्राला, गॅरेथ मेसला. व्हिला बंद. ही बॉम्बेची बाई घरी जाईल."

"भंडारा," मॅक म्हणाला.

"भंडारा," गॅरेथ म्हणाला.

दोघं एकाच वेळी म्हणाले. तीन आठवड्यांत पहिल्यांदा दोघांच्या तोंडात एक शब्द आला, आणि तो आला म्हणून दोघंही दचकले.

लंडनवाला म्हणाला, "काय?"

"बॉम्बेची नाही," मॅक म्हणाला. "बॉम्बेला तिचं कोणी नाही." त्याने आपली मिठाची बाटली उघडली आणि कंपनीचा पांढरा टेबलक्लॉथ सारून उघड्या लाकडावर, ताटाच्या कडेला, मीठ ओतलं. बोटाने पसरलं. डावीकडे खूण केली. "हे बॉम्बे." बोट ओढत नेलं. "हे नागपूर." मग नागपूरच्या खाली एक टिंब दिलं. "आणि हे भंडारा."

गॅरेथ वाकला. टेबलावरून हात लांब करून त्याने ते टिंब पुसलं, आणि नागपूरच्या उजवीकडे दुसरं दिलं. अंगठ्याने. पण हलक्या हाताने.

"तिथे तळी आहेत," तो म्हणाला.

"आणि भात," मॅक म्हणाला.

लंडनवाला साहेब पेन हातात धरून मिठाकडे बघत राहिला. आपटेसाहेबांनीही पाहिलं. मॅकची बाटली रिकामी झाली होती. गॅरेथने आपली बाटली सरकवत सरकवत टेबलाच्या मध्यावर आणली, मॅकच्या हाताशी. मॅकने ती घेतली, भातावर मीठ घातलं आणि परत मध्ये ठेवली. मग लंडनवाल्याच्या कोपराजवळचा फॉर्म उचलला, दोनदा दुमडला आणि कोंबडीच्या गरम भांड्याखाली ठेवला, लाकडाला डाग पडू नये म्हणून. लंडनवाल्याने पेनाला टोपण लावलं.

"बाई," आपटेसाहेबांनी हाक मारली, "साहेबांना अजून भात हवाय."

मी भात घेऊन बाहेर गेले. वाढला. जाताना मॅकपुढची रिकामी बाटली उचलली, आत नेली, आणि भरली नाही.